बासी कोण विकत घेणार?

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्टेशनं मागे पडतात आणि दुर्गनंतर थोड्याच वेळात ‘भिलाई पावर हाउस’ लागतं. गेली काही वर्षं अनुवादाच्या कामासाठी मला छत्तीसगढी बोली कानावर पडत राहणं गरजेचं झालंय, म्हणून जमेल त्या शनिवार-रविवारी मी इथे येते. बोली ऐकायची तर खाण्याच्या गाडीसारखी जागा नाही. तिथे कुणी मुद्दाम शुद्ध बोलत नाही.

रुळांच्या एका बाजूला भिलाई पोलाद कारखान्याची आखीव सेक्टरं; दुसऱ्या बाजूला जवाहर मार्केट, नंदिनी रोड, आणि बांधकामाच्या दिवसांची आठवण नावातच बाळगणारे कॅम्प-१, कॅम्प-२. सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी, आणि ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. मधल्या चार वर्षांत आणि पुढेही आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार, ओडिशा अशा सगळीकडून माणसं आली. त्यांतली कितीतरी एकटी आलेली होती. एकट्या माणसाला दोन वेळचं जेवण विकत घ्यावं लागतं. भिलाईच्या खाद्यसंस्कृतीचं मूळ मला या साध्या गोष्टीत दिसतं.

आजही बाजारातून एक फेरी मारली तर ते वाचता येतं. इडली-डोशाच्या गाड्या, मिरची भजी, छोले-भटुरे, समोसे. पाणीपुरीला इथे ‘गुपचुप’ म्हणतात. तोंडात अख्खी पुरी असताना बोलता येत नाही, तेव्हा नाव चपखलच. पुण्याचा बटाटावडा नागपुरात आलुबोंडा होतो आणि इथे पोचेपर्यंत ‘आलूगुंडा’. कॉफी हाउसची गोष्ट वेगळी. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामावरून निघालेल्या कामगारांनीच १९५७पासून सहकारी सोसायट्या काढल्या. त्यांतली जबलपूरची सोसायटी मध्य प्रदेश आणि छत्तीसगढभर पसरली. तुरेवाला फेटा बांधलेला वाढपी पोलादनगरीत डोसा आणून ठेवतो, त्यामागे कामगारांनी स्वतःची नोकरी स्वतः वाचवल्याचा इतिहास आहे.

सकाळी मात्र राज्य पोह्यांचं, सोबत जिलेबी. मराठी पाहुणा इथे सुखावतो आणि लगेच हक्क सांगतो. नागपूरकर भोसल्यांची सत्ता या मुलखात १७४१ ते १८५४ होती, बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार बघत, हे सगळं खरं. पण पोहे भोसल्यांच्या फौजेबरोबर आले असं कुणी म्हणालं की मी मान डोलावते आणि विषय सोडून देते. धान पिकवणाऱ्या मुलखाला पोहे शिकवायला फौज कशाला यायला हवी? उलट भाटापाऱ्याच्या पोहा-गिरण्यांचा माल महाराष्ट्रात जातो. आपल्या कांदेपोह्यांतले पोहे कुठून आले, हे पोतं बघितल्याशिवाय सांगू नये.

तर या सगळ्या गर्दीत छत्तीसगढी खाणं कुठे आहे? चीला मिळतो. तांदळाच्या पिठाचा, आपल्या घावनाचा सख्खा भाऊ. कुठे फरा मिळतो. सणाच्या दिवसांत ठेठरी-खुरमी दिसते. पण ज्यावर हा मुलूख उभा आहे ती बासी नाही. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी मीठ, ‘गोंदली’ म्हणजे कांदा, मिरची, जमली तर चटणी किंवा भाजी घेऊन खायचा. त्याच दिवशी पाण्यात घातलेला भात तो बोरे, रात्रभर मुरलेली ती बासी. वैशाखाच्या उन्हात बाहेर राबायचं तर पोटाला थंडावा देणारं दुसरं काही नाही, असं घरोघरी सांगतात.

नंदिनी रोडवर चीला विकणाऱ्या एका काकींना मी विचारलं, “काकी, बासी का नाही ठेवत?” त्या तव्यावरून नजर न उचलता म्हणाल्या, “बासी ल कोन बिसाही, दीदी?”

बासी कोण विकत घेणार! ‘बिसाना’ म्हणजे विकत घेणं. या एका प्रश्नात पावर हाउसच्या बाजाराचा अर्धा इतिहास आहे. हॉटेल चालतं ते घरापासून तुटलेल्या माणसावर. इथल्या माणसाचं घर तुटलं नव्हतं, गाव सायकलच्या टप्प्यात होतं. बासी घरीच खाऊन किंवा डब्यात घेऊन तो निघायचा. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईच्या कामगारांवर अनेक वर्षं अभ्यास करून २०२० साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आसपासच्या गावकऱ्यांनी सुरुवातीला कारखान्याकडे पाठ फिरवली होती, असं ते नोंदवतात. त्यांच्या मांडणीतली मुख्य रेघ पक्की ‘नौकरी’ आणि नुसतं ‘काम’ यांच्यामधली. पुढच्या काळात ठेकेदाराकडचं काम ज्यांच्या वाट्याला आलं त्यांत छत्तीसगढी माणसं पुष्कळ होती. ती या बाजारात माल उतरवत, भिंती बांधत, पण गिऱ्हाईक म्हणून फारशी मोजली गेली नाहीत.

त्यांची मोजदाद झाली ती याच स्टेशनावर, वेगळ्या तऱ्हेने. दल्ली-राजहराच्या लोहखाणीतल्या ठेका कामगारांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी नंतर भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कामगारांत काम करू लागले. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे, झोपेत असताना, त्यांची भिलाईत हत्या झाली. कामावरून काढलेल्यांना परत घ्या, पुरेसं वेतन द्या, या मागण्या तशाच राहिल्या. १ जुलै १९९२ला छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे कामगार बायकामुलांसह पावर हाउस स्टेशनात रुळांवर बसले. पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधराहून अधिक कामगार मारले गेले. दरवर्षी १ जुलैला इथे त्यांना आदरांजली वाहतात. त्या दिवशी रुळांवर बसलेल्यांतले किती जण सकाळी बासी खाऊन निघाले असतील, हा प्रश्न कुठल्याही अहवालात येणार नाही. मला तो टाळता येत नाही.

अनुवादात तर तो रोज समोर येतो. ‘बासी’ला मराठीत काय म्हणायचं? हिंदीतला ‘बासी’ म्हणजे शिळा, तेव्हा ‘शिळा भात’ हा पहिला सुचणारा शब्द. पण आपल्याकडे शिळं म्हणजे उरलेलं, टाकाऊ. शिळ्या कढीला ऊत आणणं काही कौतुकाचं नाही. छत्तीसगढी बासी उरत नाही, ती मुद्दाम केली जाते. रात्री भात रांधतानाच सकाळचं माप धरलेलं असतं. ओडिया ‘पखाळ’ किंवा बंगाली ‘पांता’ यांना मराठी वाचक पदार्थ म्हणून स्वीकारतो, कारण ते शब्द त्याला परके वाटतात. बासीचं दुर्दैव असं, की तो शब्द समजतो. ‘पेज’, ‘आंबील’ जवळचे, तरी वेगळे. मी ‘बासी’च ठेवते, तळटीप न देता, आणि पात्राला ती खाताना नीट दाखवते. एका संपादकांनी त्याचं ‘शिळा भात’ करून पाठवलं होतं, मी ते परत फिरवलं.

सरकारलाही हा शब्द अलीकडे सापडला. रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ साली ‘गढकलेवा’ सुरू झालं. तिथे चीला, फरा, चौसेला, आपल्या अनारशाशी नातं सांगणारा अइरसा असं सगळं मिळतं, तेही बायकांच्या हातचं. २०२२च्या कामगार दिनी तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी श्रमिकांच्या सन्मानार्थ बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं, आणि मंत्री-अधिकाऱ्यांचे वाडगे हातात धरलेले फोटो सगळीकडे झळकले. मला त्यात थोडा देखावा दिसला आणि थोडा आनंदही झाला.

काकींना मी त्या फोटोंबद्दल विचारलं. त्यांनी पाहिले होते. “साहेब लोकांनी खाल्ली ना एक दिवस,” असं त्या हिंदीत म्हणाल्या, माझ्यासाठी. मग पुढच्या गिऱ्हाइकाला चीला बांधून दिला. त्यांचा स्वतःचा डबा गाडीखाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता.