पूर्ण बुजलेल्या धमनीची गोष्ट

हृदयाची धमनी बुजली तर ती उघडलीच पाहिजे, असे कोणालाही वाटेल. झटका येताच ती तातडीने उघडली तर प्राण वाचतात, हे खरे. महिनोन्‌महिने बंद असलेल्या धमनीचा इतिहास मात्र वेगळा आहे.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयधमनीत नळीवाटे फुगा नेऊन ती रुंदावली. ती अरुंद झालेली होती, बंद नव्हे. बंद धमनीतल्या जुन्या, कॅल्शियम साठलेल्या कठीण अडथळ्यातून तारच पुढे सरकेना.

धमनी हळूहळू बुजताना शेजारच्या धमन्यांना जोडणाऱ्या बारीक पूरक वाहिन्या रुंदावतात. २००५च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी त्यांतूनच तार उलट बाजूने अडथळ्यापर्यंत नेली. आता अनुभवी हातांत शंभरातल्या ८५-९० धमन्या उघडतात. पण धमनीला भोक पडून हृदयाभोवती रक्त साचण्याचा धोका नेहमीच्या अँजिओप्लास्टीपेक्षा जास्त!

आणि फायदा? २०१८च्या युरोपीय चाचणीत छातीतले दुखणे कमी झाले. २०१९च्या, मुख्यतः दक्षिण कोरियातल्या चाचणीत मृत्यू किंवा झटके घटलेले दिसले नाहीत. अर्थात, नुसत्या औषधांच्या गटातल्या बऱ्याच रुग्णांवरही पुढे हा उपचार झाला होता. तरी मला कारण त्या पूरक वाहिन्यांत दिसते. त्या स्नायू जगवतात. जिना चढताना मात्र त्यांचे रक्त पुरत नाही.