डोळ्याचा कमरपट्टा

चिमणीहून लहान, पिवळट हिरवा, फुलांतल्या मधासाठी थव्याने हिंडणारा चष्मेवाला आपल्या ओळखीचा. त्याच्या प्रजातीचं नाव झोस्टेरॉप्स. विगर्स आणि हॉर्सफील्ड यांनी ते १८२७ साली ठेवलं. ग्रीकमध्ये ‘झोस्टेर’ म्हणजे कमरपट्टा, ‘ऑप्स’ म्हणजे डोळा. कमरेचा पट्टा डोळ्याला! मराठीचा चष्माच मला बरा वाटतो. जपान्यांनी ‘मेजिरो’, म्हणजे पांढरा डोळा, एवढ्यावर भागवलं. दुर्बिणीतून नीट पाहिलं तर डोळ्याभोवतीचं ते कडं कातडीचं नसतं. बारीक पांढऱ्या पिसांचं असतं आणि चोचीकडे किंचित तुटलेलं.

माओरींनी डोळ्याकडे पाहिलंच नाही. १८५६च्या सुमारास ऑस्ट्रेलियाकडून याच्या एका भाऊबंदाचे थवे न्यूझीलंडात थडकले, तेव्हा नाव पडलं ‘तौहौ’: परका, नवखा.

वर्गीकरणाचा घोळ वेगळाच. जाती शंभराच्या आसपास, आणि बहुतेक एकमेकींची नक्कल. पूर्वी यांचं कुल स्वतंत्र, आब राखून असलेलं मानत. डीएनए तपासल्यावर ते सातभाईंच्या गोतावळ्यात निघालं आणि शेंडीवाले युहिना याच कुलात येऊन बसले. २००९च्या एका अभ्यासानुसार प्रजातीचा हा एवढा पसारा जेमतेम वीस लाख वर्षांतला.