एका कृमीने दिलेला धडा

२ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी अमेरिकेतील विद्यापीठांचे संगणक एकामागून एक मंदावू लागले. तेव्हाचे इंटरनेट म्हणजे प्रामुख्याने विद्यापीठे आणि संशोधनसंस्थांना जोडणारे, सुमारे साठ हजार संगणकांचे जाळे. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने लिहिलेला एक प्रोग्रॅम त्यावरून स्वतःच्या प्रती पसरवत होता. अशा प्रोग्रॅमला 'वर्म', म्हणजे कृमी, म्हणतात.

हा कृमी आत शिरत होता कसा? टपाल पोचवणाऱ्या 'सेंडमेल' प्रोग्रॅममधील चाचणीची सोय अनेक ठिकाणी चालूच राहिली होती; ती एक वाट. सोपे पासवर्ड ही दुसरी; ते ओळखण्यासाठी कृमीजवळ ४३२ शब्दांची यादीच होती. तिसरी वाट सर्वांत बोधप्रद. 'फिंगर' ही सेवा आलेल्या मजकुराची लांबी मोजतच नसे. फळ्यावर पाच घरे आखा आणि त्यांत सात अक्षरी शब्द लिहायला सांगा. शेवटची दोन अक्षरे शेजारच्या घरांत जातील, तेथील मजकूर पुसून! संगणकाच्या स्मृतीत नेमके हेच घडले. पुढची आज्ञा कोठे आहे हे सांगणारी नोंदच पुसली गेली आणि यंत्र कृमीच्या आज्ञा पाळू लागले.

कृमीने फायली नष्ट केल्या नाहीत. एकाच यंत्रात त्याच्या प्रतींची गर्दी झाली, म्हणून यंत्रे गुदमरली.

खरा प्रश्न पुढे उभा राहिला. ही माहिती इतरांना द्यावी का? पर्ड्यू विद्यापीठात कृमीची उकल झाली, तेव्हा ती संगणकांवरून काढून टाकावी, अशी विनंती सरकारी संगणक-सुरक्षा केंद्राने केली. गैरवापराची भीती खोटी नव्हती. पण दोष ठाऊकच नसेल, तर तो दुरुस्त कोण करणार? पर्ड्यूचे प्राध्यापक युजीन स्पॅफर्ड यांनी मध्यम मार्ग काढला. मूळ प्रोग्रॅम न देता त्याच्या कार्यपद्धतीचे सविस्तर विवेचन त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले.

याच घटनेनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांसाठी 'सर्ट' हे मदत-पथक स्थापन झाले. पर्ड्यूमध्ये १९९२ साली सुरक्षेच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा निघाली. १९९९ मध्ये अमेरिकी सरकारने या विषयाच्या शिक्षणासाठी पहिली सात विद्यापीठे निवडली, त्यांत पर्ड्यू होते.

मॉरिसला १९९० मध्ये शिक्षा झाली: तीन वर्षे देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि दंड. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

कुलूप कसे फुटते हे ज्याला समजले, तोच चांगले कुलूप घडवतो. मात्र ते कोणाचे आहे आणि त्याला हात लावण्याची परवानगी आपल्याला आहे का, हा प्रश्नही त्याच तासाला विचारला गेला पाहिजे.