वैयक्तिक ओळख (मानसशास्त्र)

वैयक्तिक ओळख म्हणजे शरीर, विचार, भूमिका व परिस्थिती बदलत असतानाही आपण तीच व्यक्ती आहोत, ही माणसाला असणारी जाणीव होय. मानसशास्त्रात ती ‘स्व’ या व्यापक संकल्पनेचा भाग मानली जाते. स्वतःविषयीच्या समजुतींच्या संचाला स्वसंकल्पना, तर स्वतःचे मूल्य किती या भावनेला आत्मसन्मान म्हणतात. वैयक्तिक ओळखीचा प्रश्न मात्र मुख्यतः सातत्याचा आहे. हे सातत्य स्मृतीमुळे टिकते, इतरांशी असलेल्या संबंधांमुळे टिकते की स्वभाव व नैतिक वृत्तीमुळे, याविषयी अभ्यासकांमध्ये एकमत नाही.

तात्त्विक पार्श्वभूमी

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी मानवी आकलनावरील आपल्या निबंधग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१६९४) या विषयावर स्वतंत्र प्रकरण समाविष्ट केले. त्यांच्या मते व्यक्तीची एकता शरीरावर किंवा आत्मतत्त्वावर नव्हे, तर जाणिवेच्या सातत्यावर अवलंबून असते. स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीड यांनी १७८५ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. एका सेनापतीला तरुणपणी, अधिकारी असताना गाजवलेला पराक्रम आठवतो. त्या अधिकाऱ्याला लहानपणी शाळेत खाल्लेला मार आठवत होता. परंतु सेनापतीला तो मार आठवत नाही. लॉक यांचा निकष लावल्यास सेनापती व अधिकारी एकच, अधिकारी व मुलगाही एकच, पण सेनापती व मुलगा मात्र भिन्न ठरतात. केवळ स्मृतीवर ओळख आधारल्यास अशी विसंगती निर्माण होते, असे रीड यांनी दाखवून दिले.

प्रमुख सिद्धांत

विल्यम जेम्स: अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी ‘मानसशास्त्राची तत्त्वे’ (१८९०) या ग्रंथात जाणणारा स्व आणि जाणला जाणारा स्व असा भेद केला. जाणल्या जाणाऱ्या स्वचे त्यांनी भौतिक, सामाजिक व आध्यात्मिक असे तीन भाग मानले. शरीर, कपडे, कुटुंब आणि मालमत्ता यांचा समावेश त्यांनी भौतिक स्वमध्ये केला. माणसाला ओळखणाऱ्या जितक्या व्यक्ती, तितके त्याचे सामाजिक स्व असतात, असेही त्यांनी प्रतिपादन केले.

कूली व मीड: चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०२ मध्ये ‘आरशातील स्व’ ही कल्पना मांडली. आपण दुसऱ्याला कसे दिसत असू आणि तो आपल्याविषयी काय मत बनवत असेल याची माणूस कल्पना करतो; त्यातून अभिमान किंवा लाज निर्माण होते. जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या मते मूल खेळातून इतरांच्या भूमिका घेण्यास शिकते. नियमबद्ध खेळात त्याला सर्व खेळाडूंच्या अपेक्षा एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. त्यातूनच समाजाच्या दृष्टीने स्वतःकडे पाहण्याची क्षमता विकसित होते.

एरिक एरिक्सन: एरिक्सन यांनी मानवी विकासाच्या आठ अवस्था मानल्या. त्यांपैकी पाचव्या, म्हणजे किशोरावस्थेतील, मुख्य संघर्ष ओळख विरुद्ध भूमिकासंभ्रम हा असतो. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये या संघर्षाच्या चार स्थिती वर्णिल्या. पर्यायांचा शोध घेऊन निर्णय झालेला असणे, शोध चालू असणे, शोध न घेताच इतरांनी ठरवलेले स्वीकारणे आणि शोध व निर्णय दोन्ही नसणे, अशा त्या स्थिती होत.

कथनात्मक ओळख: डॅन मॅकअ‍ॅडम्स यांच्या सिद्धांतानुसार माणूस आपल्या आयुष्यातील घटना एका कथेत गुंफतो आणि ही सतत सुधारली जाणारी कथा त्याच्या जीवनाला एकसंधता व अर्थ देते.

स्मृतिलोप आणि ओळख

स्मृती नष्ट झाल्यास ‘स्व’पैकी काय उरते, याचा अभ्यास मेंदूच्या दुखापती व विकार यांच्या आधारे झाला आहे. स्टॅन्ली क्लाइन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘डब्ल्यू. जे.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याला मार लागल्याने तिला महाविद्यालयातील दिवसांतील प्रसंग तात्पुरते आठवेनासे झाले होते. तरीही महाविद्यालयात आपला स्वभाव कसा होता, याचे तिने केलेले वर्णन स्मृती परतल्यानंतरच्या वर्णनाशी जुळले. स्वतःच्या गुणविशेषांचे ज्ञान प्रसंगांच्या आठवणींपासून काही अंशी स्वतंत्रपणे साठवले जाते, असा निष्कर्ष यातून काढण्यात आला.

निना स्ट्रोमिंगर व शॉन निकल्स यांनी २०१५ मध्ये मेंदू व चेतासंस्थेचे ऱ्हासजन्य विकार असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांचा अभ्यास केला. रुग्ण ‘पूर्वीचा राहिला नाही’ ही नातेवाइकांची भावना स्मृती कमी होण्यापेक्षा नैतिक वृत्तीतील बदलाशी अधिक निगडित असल्याचे त्यात आढळले. हा बदल ठळकपणे दिसणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात ही भावना अल्झायमर रोगाच्या तुलनेत तीव्र होती. मात्र या अभ्यासातून इतरांनी मानलेली ओळख कळते. रुग्णाला स्वतःविषयी काय जाणवते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

संस्कृती आणि टीका

हेझल मार्कस व शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये स्वतंत्र स्व व परस्परावलंबी स्व असा भेद मांडला. पहिल्यात वैयक्तिक गुण व निवड, तर दुसऱ्यात नाती व कर्तव्ये केंद्रस्थानी असतात. प्रचलित सिद्धांत प्रामुख्याने पाश्चात्त्य समाजांतील निरीक्षणांवर उभे आहेत, या टीकेला त्यामुळे बळ मिळाले. उलटपक्षी, पौर्वात्य आणि पाश्चात्त्य अशी ढोबळ विभागणी एकाच समाजातील व्यक्तिभेद झाकते, असा आक्षेप या भेदावरही घेतला जातो.

महत्त्व

स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाच्या शुश्रूषेत या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व प्राप्त होते. ओळख केवळ स्मृतीवर अवलंबून मानली, तर नावे व प्रसंग विसरलेला रुग्ण ‘तोच’ उरला नाही, असे मानावे लागेल. ती स्वभाव, सवयी व नात्यांतही वसते असे मानल्यास रुग्णाच्या आवडीनिवडी जपणे आणि त्याच्याशी पूर्वीच्याच नात्याने वागणे, हा त्याची ओळख टिकवण्याचाच भाग ठरतो.