ठाकरे, बाळ केशव
(२३ जानेवारी १९२६–१७ नोव्हेंबर २०१२). राजकीय व्यंगचित्रकार, ‘मार्मिक’चे संस्थापक-संपादक आणि शिवसेनेचे संस्थापक. जन्म पुण्यात. वडील केशव सीताराम ऊर्फ प्रबोधनकार ठाकरे. मूळचे न्यूझीलंडचे ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये त्यांनी आर. के. लक्ष्मण यांच्यासोबत काम केले. नोकरी सोडून १३ ऑगस्ट १९६० रोजी धाकटे बंधू श्रीकांत यांच्यासह ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढले. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले. मुंबईतील आस्थापनांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘मार्मिक’ने छापल्या, तेव्हा चित्रांइतक्याच चवीने त्या वाचल्या गेल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. पुढे राजकारणाने कुंचला मागे सारला; रेषेतला बोचरेपणा मात्र भाषणांत उतरला.