कोबीवरील अळी : फवारणी कमी कशी करावी?

भातकापणी आटोपली की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील पाण्याची सोय असलेल्या शेतांत भाजीपाला उभा राहतो. त्यातील कोबीचा मुख्य शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची हिरवट, दोन्ही टोकांना निमुळती अळी पान खालून खरवडते; वरचा पापुद्रा तेवढा उरतो. स्पर्श होताच ती वळवळत मागे सरते व धाग्याने खाली लोंबकळते.

कीटकनाशके पचवण्याबद्दल ही कीड जगभर कुप्रसिद्ध आहे. डीडीटीला ती दाद देत नाही, हे जावा बेटावर 1953 सालीच नोंदले गेले. आपल्या उबदार हवेत तिच्या पिढ्या एकापाठोपाठ येतात. त्यामुळे दर आठवड्याला तेच औषध मारणारा शेतकरी खरे तर औषधाला पुरून उरणाऱ्या अळ्यांचीच निपज करत असतो. शिवाय, अळीच्या अंगात अंडी घालणारी कोटेशिया ही इवली माशी त्याच फवाऱ्यात मरते.

यावर मोहरीचा सापळा हा जुना आणि स्वस्त उपाय. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने सुचवलेल्या पद्धतीनुसार कोबीच्या 25 ओळींच्या कडेने मोहरी पेरतात : एक ओळ लागवडीच्या 15 दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे पतंगाला कोवळी मोहरी सतत मिळते. अंडी मोहरीवर पडतात आणि फवारणी तिच्यापुरती पुरते. ती मात्र टाळू नये. नाहीतर मोहरीच किडीचे माहेर बनेल. आपल्या लहान कुणग्यांत 25 ओळी क्वचितच बसतील. तेथे बांधालगतची मोहरी सोयीची.

कोबीवर रोपामागे साधारण दोन अळ्या दिसू लागल्या की 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी 5 किलो निंबोळी भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून गाळावी व द्रावण 100 लिटर करावे. कोबीच्या मेणचट पानावर थेंब ठरत नाही, म्हणून त्यात थोडा साबण हवाच. बीटी हे जिवाणूजन्य औषधही उपयुक्त आहे. पण हवाई बेटांवर ही अळी त्यालाही सरावल्याचे 1990 मध्ये आढळले, तेव्हा दोन्ही आलटून पालटून वापरावीत. उन्हात दोहोंचा प्रभाव ओसरतो; फवारणी संध्याकाळीच करावी.

तंबाखूवरील अळीची अंडी पुंजक्यांनी असतात. ती पाने खुडून नष्ट करता येतात. रासायनिक औषध घ्यावेच लागले, तर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते वेष्टनावर पाहावे.