इन्सुलिनच्या मागोमाग परिचारिका

मधुमेहाच्या उपचाराचा इतिहास बहुतेक ठिकाणी टोरोंटोत सुरू होतो आणि तिथेच संपतो. 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचला गेला. अर्क अशुद्ध होता, त्यामुळे गुण फारसा आला नाही. जेम्स कॉलिपने तो शुद्ध केल्यावर 23 जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शनं दिली आणि मुलगा सावरला. पुढच्याच वर्षी या अर्काच्या, म्हणजे इन्सुलिनच्या, शोधाबद्दल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल मिळालं. ही कथा खरी आहे, पण अपुरी आहे. इन्सुलिनने मधुमेही माणसाचा मृत्यू टाळला. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं डोळे, मूत्रपिंडं आणि पाय शाबूत ठेवून जगवण्याचं काम मात्र निव्वळ औषधाने झालेलं नाही. ते इस्पितळाबाहेर, रुग्णाच्या घरी, बहुतांशी परिचारिकांच्या हातून झालं. आज ज्याला दूरस्थ परिचर्या म्हणतात आणि मोबाइलच्या युगाची देणगी मानतात, ती जवळपास इन्सुलिनइतकीच जुनी आहे.

याचं कारण औषधाच्या स्वभावातच आहे. इतर बहुतेक औषधांची मात्रा डॉक्टर ठरवतो आणि रुग्ण ती निमूटपणे घेतो. इन्सुलिनची मात्रा त्या दिवशीचं जेवण, श्रम, ताप, उपास यांवर हलते. कमी पडली तर साखर चढते, जास्त झाली तर माणूस घाम फुटून बेशुद्ध पडतो. असा निर्णय दिवसातून अनेकदा, घरातच घ्यावा लागतो आणि तिथे डॉक्टर नसतो. बोस्टनच्या एलियट जोस्लिनला हे फार लवकर उमगलं होतं. इन्सुलिन येण्याआधीच, 1918 मध्ये, त्याने डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून वापरायची मधुमेहाची पुस्तिका लिहिली होती. 7 ऑगस्ट 1922 रोजी त्याने ज्या रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं, ती एलिझाबेथ मज स्वतः परिचारिका होती. हा योगायोग असेल, पण पुढे त्याने जे केलं तो योगायोग नव्हता. त्याने परिचारिकांना मधुमेहाचं खास शिक्षण देऊन न्यू इंग्लंडमधल्या रुग्णांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. भटक्या परिचारिका असंच त्यांना म्हटलं जाई.

त्या काळी घरी काय शिकावं लागे, हे बारकाईने पाहिल्याशिवाय या कामाचं मोल कळत नाही. साखर मोजायची ती लघवीतली. परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, मग नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. रंग निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी अशा पायऱ्या चढत तो विटेसारखा तांबडा झाला तर साखर भरपूर. पुन्हा हा रंग काही तासांपूर्वीची हकीकत सांगणार, आत्ताची नव्हे. काचेची सिरिंज दरवेळी उकळायची, सुई दगडावर घासून धार करायची, पाव आणि बटाटा तराजूत तोलायचा. पायाला साधा फोड आला तरी दडवायचा नाही, हेही शिकायचं. हे सगळं एकदा सांगून भागत नाही. आज नीट करणारा माणूस महिन्याभराने कंटाळतो, मुलाच्या आजारपणात विसरतो, एकदा चक्कर आली की भीतीने मात्रा कमी करतो. वारंवार येणारं, ओळखीचं, न रागावता विचारणारं माणूस इथेच लागतं. इंग्लंडात लेस्टरच्या जोन वॉकर यांनी 1950 च्या सुमारास आरोग्य सेविकांना मधुमेह्यांच्या घरी पाठवलं, त्यामागचा विचार हाच होता.

यावर एक सबळ आक्षेप आहे. प्रगती उपकरणांनी केली, परिचारिका फक्त सोबतीला होती, असं म्हणता येईल. 1956 मध्ये लघवीत बुडवायची पट्टी आली, 1970 नंतर रक्तातली साखर मोजणारी यंत्रं आली आणि पुढे ती घरोघरी पोचली. मग श्रेय यंत्राचं का नको? याचं सर्वांत चांगलं उत्तर अमेरिका आणि कॅनडात 1983 ते 1993 या काळात झालेल्या मोठ्या चाचणीत सापडतं. टाइप-1 मधुमेहाचे 1441 रुग्ण तीत होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना दिवसातून तीन किंवा अधिक इंजेक्शनं अथवा पंप, चार वेळा रक्ततपासणी, दरमहा भेट आणि मधल्या काळात वारंवार फोन. सरासरी साडेसहा वर्षांनंतर दुसऱ्या गटात डोळ्यांचा विकार नव्याने उद्भवण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी निघाला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए1सी त्यांच्यात 7 च्या आसपास होतं, पहिल्या गटात 9 च्या. चाचणी संपली आणि रुग्ण आपापल्या डॉक्टरांकडे परतले. त्यांच्याकडे यंत्र होतं, सुया होत्या, वर्षानुवर्षांचं शिक्षण होतं, कडक नियंत्रणाचा फायदा त्यांनी स्वतः अनुभवला होता. तरीही त्यांचं एचबीए1सी काही वर्षांत 8 च्या घरात गेलं. पहिल्या गटानेही आता तीच पद्धत शिकून घेतली होती, त्यामुळे दोन्ही गट जवळजवळ एका रेषेवर आले. दुसऱ्या गटाच्या हातातून गेली ती एकच गोष्ट: सतत चौकशी करणारी माणसं. त्या पथकात आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरही होते, हे मान्य केलंच पाहिजे. आधी मिळवलेल्या नियंत्रणाचा लाभ पुढेही टिकला, हेही खरं. पण नियंत्रण स्वतःच्या बळावर टिकलं नाही, ही गोष्ट मला निर्णायक वाटते.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. न्यूयॉर्क राज्यात 2000 साली सुरू झालेल्या एका प्रकल्पात वैद्यकीय सोयी तोकड्या असलेल्या भागांतले 1665 वयस्क मधुमेही घेतले. अर्ध्यांच्या घरी कॅमेरा आणि साखरमापक जोडलेली यंत्रणा बसवून परिचारिका त्यांच्याशी पडद्यावरून बोलत. पाच वर्षांनी एचबीए1सीमधला फरक निघाला सुमारे 0.3, आणि सरकारी विम्याचा खर्च काही घटला नाही. दूरस्थ परिचर्येने पैसे वाचतात असं जे ठासून सांगतात, त्यांनी हा निकाल वाचावा. लाभ होतो, पण माफक होतो, आणि महागडी यंत्रणा मध्ये घातली की तो आणखी महाग पडतो. माझ्या मते यातून परिचारिका काढून टाकावी असा अर्थ निघत नाही. साधा फोन जे काम करू शकतो त्यासाठी घराघरात यंत्रांचा पसारा मांडू नये, एवढाच निघतो.

राहता राहिला तो नव्या विज्ञानाचा मुद्दा. बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी 1965 मध्ये रोग जडल्यावर लवकरच दगावलेल्या रुग्णांच्या स्वादुपिंडात रोगप्रतिकारक पेशींची गर्दी दाखवली. 1974 मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीपुंजांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. टाइप-1 मधुमेहात शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी, चेतवल्या जाऊन घरच्यांवर उलटतात, हे त्यातून पक्कं होत गेलं. या पेशींना आवर घालणारं टेप्लिझुमॅब हे औषध चौदा दिवस शिरेतून देतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 76 जणांच्या चाचणीत त्याने रोगाचं आगमन सुमारे दोन वर्षं लांबवलं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे मोठं यश आहे. मग परिचारिकेचं काम आटोपेल का? उलट ते आधीच सुरू होईल. लक्षणं दिसण्यापूर्वी प्रतिपिंडं हुडकायची म्हणजे रुग्णांच्या धडधाकट भावंडांची तपासणी करायची, आईबापांना निकालाचा अर्थ सांगायचा आणि ज्या मुलाला काहीच होत नाही त्याच्या साखरेवर वर्षानुवर्षं नजर ठेवायची.

भारतात 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, आणि त्यांतला फार मोठा वाटा टाइप-2 चा. त्यांच्यासाठीही पुरावा हाताशी आहे. भारत आणि पाकिस्तानातल्या 10 दवाखान्यांत 1146 रुग्णांवर झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समन्वयक रुग्णांचा पाठपुरावा करत होते आणि संगणक डॉक्टरांना उपचार सुचवत होता. साखरेबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही आटोक्यात आलेले रुग्ण त्या गटात 18 टक्के निघाले, नेहमीच्या उपचारांत 8 टक्के. दूरसंपर्क आरोग्यसेवेचे आराखडे करणाऱ्यांकडे म्हणून एक मागणी आहे: अ‍ॅप आणि पडदे यांच्या खरेदीआधी, रुग्णाला नावाने ओळखून दर आठवड्याला फोन करणाऱ्या परिचारिकेचं पद मंजूर करा, तिला मधुमेहाचं शिक्षण द्या, आणि मात्रा बदलण्याचा अधिकारही द्या.